बागेत बोलू

लॉन्ड्रीच्या काचेमागे उजेडाकडे तोंड करून जी बाई बसलेली असते, तिला सगळा रस्ता रफूताई म्हणतो. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही पटकन आठवायचं नाही, कारण तो जन्मभर तिला ‘अगं’ म्हणत आला. कोट खिळ्याला अडकून फाटला, लोकरीच्या स्वेटरला कसर लागली, की माणसं कपडा घेऊन तिच्यासमोर उभी राहतात. ती कपडा उलटा करते, आतल्या शिवणीत शिंप्यानं सोडलेल्या जादा पट्टीतून दोरे ओढून काढते आणि त्याच दोऱ्यांनी भोक विणून भरते. बाहेरचा दोरा वापरायचा नाही, हा तिचा नियम. मालकांनी एकदा हौसेनं रंगीत दोऱ्यांची पेटी आणून दिली, तर म्हणाली, “ठेवा तुमच्याकडे. पुडे बांधायला होतील.”

जीभ अशी. सुई परवडली. कुणी सिगारेटनं जाळलेला कोट आणला, की हातात घ्यायच्या आधी विचारणार, “काय हो, कोटच ओढत होतात का?” गिऱ्हाईक हसतं, पुन्हा तिच्याचकडे येतं. दिवसभर ती अशी सगळ्यांशी बोलत असते, आणि तिला बघून कुणालाही वाटेल की या बाईच्या पोटात काही राहत नसणार. लोकांना काय, वाटायला पैसे थोडेच पडतात. हिच्या पोटात एक वाक्य गेले कित्येक महिने अडकून बसलं होतं आणि ते ज्याला पोचायचं, तो तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून होता.

तो म्हणजे तिचा नवरा. सिटीबसचा ड्रायव्हर. उंच, रुंद, बोलणं मोजूनमापून. तरुणपणीच इंजिनानं त्याचा डावा कान खाल्ला, हे घरादाराला माहीत होतं. म्हणून ती कायम त्याच्या उजव्या हाताला. चालताना उजवीकडे, बाकावर बसताना उजवीकडे, फोटो काढतानासुद्धा उजवीकडे. लग्नाच्या घरी फोटोवाल्यानं एकदा तिला डावीकडे उभं केलं, तर फोटोत तिची मान अशी वाकडी आली की मुलगा अजून चिडवतो.

घर चौकात. खाली सिग्नल, समोर बसथांबा, आणि हिरवा दिवा लागला की सगळ्या गाड्या एकदम अशा गुरगुरायच्या की ताटातली वाटी थरथरायची. लग्न होऊन ती आली तेव्हा दीड खोलीत सासूबाई, धाकटा दीर आणि हे दोघं. मध्ये एक पडदा. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात भिंती नव्हत्याच, नुसते कान होते.

पहिलं भांडण शिलाई मशीनवरून झालं. तिला मशीन खिडकीशी हवं होतं, उजेड तिथंच यायचा. त्याला तिथं खुर्ची टाकून बसायचं होतं, दिवसभर गाडी हाकून आलेल्या माणसाला निदान खिडकी तरी मिळावी म्हणून. दोघांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण लवकर मिटेना. जेवणाच्या वेळी सासूबाईंनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, “माझ्या घरात जेवताना तोंड खायला उघडायचं. भांडायचंय तर बागेत जा. एवढी मोठी बांधलीय कशाला?”

सासूबाई तशा वाईट नव्हत्या हो. वैतागल्या होत्या, एवढंच. पण या दोघांनी ते अक्षरशः घेतलं. ताट अर्धं टाकून उठले आणि गेले बागेत.

बाग म्हणजे तुमच्या मनात जी येते तशी नाही. फुलांचे ताटवे नाहीत, कारंजं आहे पण त्यात पाणी नाही. आहे ती भिंत. पुरुषभर उंच नव्हे, दीड पुरुष उंच, दगडी, आणि हात आडवा घातला तरी पलीकडे जायचा नाही एवढी जाड. कुणी बांधली, कशासाठी बांधली, कुणाला ठाऊक नाही. फाटकातून आत शिरलं की रस्ता आधी मागे पडतो, मग बुटका होतो, आणि त्या मोठ्या झाडापाशी पोचलं की नाहीसाच होतो. झाडाच्या नावाची पाटी गंजून गेलीय, त्यामुळे त्याला नाव नाही. झाडामागे मागच्या भिंतीला टेकून एक बाक आहे. तिथं पान पडलं तर पडलेलं ऐकू येतं. भर चौकापासून हाकेच्या अंतरावर, आणि हाक मारली तर मात्र पोचणार नाही.

त्या बाकावर दोघं मनसोक्त भांडली. तिनं आवाज चढवला, त्यानंही चढवला, आणि कुणी पडद्याआडून खोकलं नाही. बाग बंद करायची रखवालदाराची शिट्टी झाली तेव्हा मशीन खिडकीशी जायचं ठरलं होतं आणि खुर्ची मशीनच्या शेजारी. येताना दोघं हसत जिना चढली. सासूबाईंनी दोघांकडे बघितलं आणि ताटं पुन्हा वाढली.

तेव्हापासून रीतच पडली. घरात भांडायचं नाही. काही खटकलं, की एकानं म्हणायचं, “बागेत बोलू.” म्हटलं की विषय बंद, संध्याकाळपर्यंत तोंडातून ब्र नाही. तिनं लॉन्ड्रीत कामाला जायचं की नाही, दिरानं कुठं राहायचं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, दुसरं मूल हवं की एकच पुरे, सगळं त्या बाकावर ठरलं. काही वेळा ती रडत परत आली, काही वेळा तो मुका परत आला, पण भांडण कधी भिंतीबाहेर आलं नाही. मुलगा लहान होता तेव्हा त्याला वाटायचं, बाग म्हणजे मोठ्यांची भांडायची खोली. शाळेत बाईंनी विचारलं, गृहपाठ का केला नाहीस, तर कार्टं शांतपणे म्हणालं, “बागेत बोलू.” छडी खाऊन आलं. त्या रात्री सासूबाईसुद्धा पोट धरून हसल्या.

मध्यंतरी कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की भिंत पाडून जाळी लावावी, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांना बाग दिसेल. लोकांना बरं वाटलं. रफूताई काचेमागून म्हणाली, “बाग रस्त्यावरून दिसून काय करायचंय? बागेतून रस्ता दिसत नाही, तेच तर सुख आहे.” साहेबाची बदली झाली म्हणून भिंत वाचली, हिच्या बोलण्यानं नव्हे. पण पुढचे कित्येक दिवस ती जाता येता भिंतीवर हात ठेवून जायची.

मग दिरानं वेगळं घर केलं. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या आणि एका दुपारी झोपेतच गेल्या. मुलगा शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, तिकडेच त्यानं संसार मांडला. पडदा काढला. दीड खोली दोघांना ऐसपैस झाली, आणि रफूताईला लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या घरात मोठ्यानं बोलता येऊ लागलं.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. भांडण बागेतलं, ही रीत तिनं मोडली नाही. पण गोड बोलायला बाग कशाला? त्याला घर आहे की. सकाळी तो आरशापुढे दाढी करायचा, ती चहा गाळता गाळता त्याच्या पाठीशी बोलायची. काल स्वप्नात तुम्ही बस घेऊन थेट स्वयंपाकघरात आलात. तुमच्या सदऱ्याची कॉलर उलटवली, नवी दिसतेय. तुमच्या मानेवरचा तो तीळ मला पहिल्यापासून आवडतो, सांगितलं नव्हतं कधी. असलं काहीबाही. जन्मभर साठलेलं. तो म्हणायचा, “हं.” ती तेवढ्यावर खूश. पुरुष माणूस, तोंडावर साबण, आणखी काय म्हणणार?

ज्या दिवशी तो निवृत्त झाला, त्या दिवशी त्यानं गणवेश काढून खुंटीला लावला. तिनं तो हातात घेतला आणि म्हणाली, “एवढ्या गर्दीतून रोज संध्याकाळी धडधाकट परत आलात, मला आणखी काही नको होतं.” तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बागेत बोलू.” तिला हसू आलं. म्हटलं, बघा, या माणसाला सवयच लागलीय. भाजी काय आणू विचारलं तरी बागेत बोलू. पाहुण्यांना काय सांगू, बागेत बोलू. आणि संध्याकाळी बागेत गेलं, की तो इतका घडाघडा बोलायचा, गाडीच्या गमती, जुन्या कंडक्टरच्या नकला, की सकाळी काय विचारलं होतं ते ती विसरून जायची. आठवायचा तो फक्त भांडणाचा विषय. बाक भांडणाचा, तिथं बसलं की जिभेला तीच वाट सापडायची.

मागच्या थंडीत तो जिन्यात घसरला. खुबा मोडला. दवाखान्यात सळई घातली, महिनाभरानं घरी आणलं, खिडकीशी बसवलं. मशीन आता कोपऱ्यात गेलं होतं, खिडकी शेवटी त्याला मिळाली. जिना उतरायचा नाही, निदान उन्हाळा संपेपर्यंत तरी, असं डॉक्टर म्हणाले. इमारतीला लिफ्ट नाही. बाग बंद.

मुलगा आला. गुणी आहे, कुणी त्याला नावं ठेवू नयेत. बापासमोर बसून समजावून सांगत होता: हे घर विकायचं, तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं, तिकडे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, नातीला आजीआजोबा मिळतील. खाली सिग्नल सुटत होता, थांबत होता. बाप मान डोलवत होता. “बरं,” म्हणाला. मग परत, “बरं, बरं.” रफूताई ओट्याशी उभी राहून ऐकत होती आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. विचारलंसुद्धा नाही तिला. एकदा मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मुलगा गेल्यावर ती येऊन त्याच्या उजव्या बाजूला बसली. ही गोष्ट घरातच बोलायची असं तिनं ठरवलं, कारण ते भांडण नव्हतं. ती म्हणाली, “अहो, मला कुठंही नेऊ नका. घर लहान असू दे, जिना असू दे. मला फक्त तुमच्या उजव्या बाजूला बसायचंय, त्या बाकावर. बाकी मला आयुष्यात काही नको.” असलं वाक्य ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती. बोलून तिचा चेहरा तापला.

तो तिच्याकडे बघत राहिला. खाली बस सुटली, खिडकीच्या काचा वाजल्या. मग तो म्हणाला, “बागेत बोलू.”

तिला वाटलं, थोबाडीत बसली. भांडण पुढं ढकलतात, ते कळतं. हे पुढं ढकलतं का कुणी? आणि ज्या माणसाला जिना उतरता येत नाही, तो बागेत बोलू म्हणतो, म्हणजे काय म्हणतो? म्हणजे नाहीच बोलायचं. ती उठली आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. चहा समोर ठेवायची, गोळ्या हातावर ठेवायची, उठायला हात द्यायची, सगळं मुक्यानं. तोही काही म्हणाला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात माणसं गप्प होतात. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा खचलेत, इकडे आले की खुलतील. सगळ्यांनी निदान केलं, तिच्याशिवाय. तिचं निदान झालेलं होतं: या माणसाला माझ्याशी बोलायचं नाही.

लॉन्ड्रीत मात्र तोंडाचा पट्टा चालू. जास्तच चालू. मालक इस्त्रीवाल्याला म्हणाले, “ताई आजकाल फार बोलतात, काहीतरी बिनसलंय.” मालक साधे, पण दुकानदार, माणसाचं कापड ओळखतात.

एकदा संध्याकाळी तिच्यानं राहवेना. ती एकटीच बागेत शिरली. आता बागेत एकटीनं कसं बसतात हेच तिला माहीत नव्हतं. बाकाच्या उजव्या टोकाला बसली, डावीकडे त्याच्यापुरती जागा सोडून. तिला त्याची आठवण आली. मेलेल्या माणसाची येते तशी आली, आणि तो तर तिकडे तिसऱ्या मजल्यावर जिवंत बसला होता. तिला त्याचा आवाज हवा होता, चिडलेला चालला असता. ‘अगं, तुला काही कळतं का’ एवढं म्हणाला असता तरी ती रात्रभर सुखानं झोपली असती. तेवढ्यात एक गृहस्थ आले, म्हणाले, “कुणी येणार आहे का इथं?” ती उठली आणि त्यांना सगळाच बाक दिला.

आणि मग शनिवारी सकाळी मुलाचा फोन. उद्या येतोय, घर बघायला माणसं घेऊन येतोय, आवडलं तर लगेच ठरवून टाकू. तिनं फोन ठेवला. खिडकीशी तो बसला होता, आवाज बंद करून टीव्हीवर खालच्या ओळी वाचत होता. तिला संताप आला. महिनोन्‌महिने अबोला धरून काय मिळालं? घर जाणार, बाक जाणार, आणि ज्याच्यासाठी हा जीव तुटतो तो टीव्ही वाचतोय. म्हटलं, जायचंच असेल तर भांडून जाईन. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि एकच शब्द म्हणाली.

“बागेत.”

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे असे उजळले, की तिचा संताप क्षणभर कुठं ठेवावा तिला कळेना. तो खुर्चीचे हात धरून आपणहून उठायला लागला.

लॉन्ड्रीत जाऊन तिनं मालकांना सांगितलं, “मला माझा नवरा खाली आणायचाय.” मालकांनी एक शब्द विचारला नाही. दुपारी उन्हं कलल्यावर मालक आणि इस्त्रीवाला वर आले, लाकडी खुर्चीत त्याला बसवलं, एकानं पाय धरले, एकानं पाठ. प्रत्येक मजल्यावर टेकत, शिव्या गिळत, उतरवलं. खाली रस्ता आला तेव्हा प्रश्न पडला, आता खुर्ची उचलून चौक कसा ओलांडायचा? इस्त्रीवाला पळत गेला आणि कपडे ने-आण करायची चाकांची ट्रॉली घेऊन आला. खाली चादरींचा गठ्ठा टाकला, वर ड्रायव्हर. एवढा मोठा माणूस, गुडघे वर, धुतलेल्या चादरींवर. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. त्याला काही वाटलं नाही. उलट ट्रॉली हलताच त्याच्या अंगात जुना ड्रायव्हर शिरला. “डावी धर. थांब, पिवळा लागलाय. आता घे. अरे वळणावर वेग कमी करायचा असतो, कपड्यांचा गठ्ठा आहे का मी?” कित्येक महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. रफूताई शेजारून, उजव्या बाजूनं, ओठ घट्ट मिटून चालत होती. तिला रडू यायला लागलं होतं आणि भांडणाच्या आधी रडायचं नाही, असा तिचा निश्चय होता.

फाटक आलं. आत शिरले. नेहमीसारखा रस्ता मागे पडला, बुटका झाला, आणि झाडापाशी नाहीसा झाला. दोघांनी त्याला बाकावर डावीकडे बसवलं. मालक म्हणाले, “शिट्टीला येतो,” आणि इस्त्रीवाल्याला ओढत निघून गेले.

ती उजवीकडे बसली. पान पडलं. चिमण्या कसल्याशा बिस्किटाच्या चुऱ्यावरून भांडत होत्या.

“विका घर,” ती म्हणाली. “विका, जा मुलाकडे. मला कशाला विचारायचं? मी कोण? तुमच्या लेकानं विचारलं आणि तुम्ही बरं बरं करून मोकळे झालात. उद्या येतोय तो, घर दाखवायला माणसं घेऊन.”

त्यानं तिच्याकडे वळून बघितलं. “कुणाचं घर?”

“आपलं घर.”

“आपलं घर कोण विकतंय?”

“सोंग नका करू. समोर बसून तासभर तो सांगत होता. मान डोलवत होतात तुम्ही.”

“मला वाटलं त्याच्या ऑफिसातलं काही सांगतोय,” तो म्हणाला. “खुशीत दिसत होता. म्हणून बरं म्हटलं.”

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिनं त्याचा चेहरा बघितला. चेष्टा नव्हती. तो घाबरलेला होता. लहान मुलाच्या हातून काहीतरी फुटतं आणि ते सापडतं, तसा घाबरलेला.

“तुम्हाला ऐकू नाही आलं?” तिनं विचारलं.

त्यानं भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “घरात मला काही ऐकू येत नाही गं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. खालच्या गाड्या आणि माणसाचं बोलणं एकत्र दळून येतं. इथं येतं. इथं तुझा शब्दन्‌शब्द येतो.”

“कधीपासून?”

“आई होती तेव्हापासून. तिची शेवटची वर्षं ती काय म्हणायची, मला माहीत नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“गाडी काढून घेतली असती. डावा गेलेला त्यांना माहीत होता, चालवून घेत होते. उजवाही चाललाय म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं. कान तपासायची खोली शांत असायची, तिथं निभायचं. नंतर निवृत्त झालो, तोवर सवय झाली होती. काही कळलं नाही की बागेत बोलू म्हणायचं. इथं येऊन तू सांगायचीसच.” तो थांबला. “मला वाटायचं, महत्त्वाचं असेल ते तू बागेतच बोलशील. तशीच रीत आहे ना आपली?”

तिला आरशासमोरची त्याची पाठ दिसत होती. ते स्वप्न, ती कॉलर, तो तीळ. गणवेश हातात घेऊन ती जे म्हणाली होती ते. इतक्या वर्षांचे इतके चहा. रफू करताना ती कधी बाहेरचा दोरा वापरत नाही, आतूनच काढते. तसं सगळं आतून काढून काढून तिनं दिलं होतं आणि ते कुठंच लागलं नव्हतं.

“इथं मी तुमच्याशी फक्त भांडले हो,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. “जन्मभर. भांडणं तेवढी तुम्हाला ऐकू आली. गोड बोलले ते सगळं घरी बोलले.”

“बोलायचीस?” त्यानं विचारलं.

“रोज.”

त्यानं जरा आठवून बघितलं. मग म्हणाला, “सकाळी चहा गाळताना तुझे ओठ हलताना आरशात दिसायचे. मध्येच हसायचीस. मला वाटायचं, शेजाऱ्यांचं काहीतरी असेल. विचारावंसं वाटायचं. पण विचारलं असतं तर तू परत सांगितलं असतंस, आणि परत कळलं नसतं. मग तुला समजलं असतं.” त्यानं हात तिच्या हातावर ठेवला. “भांडायचीस मात्र छान. त्यावर दिवस निघायचा माझा.”

उन्हं भिंतीच्या माथ्यावर गेली. पलीकडे चौकात सिग्नल सुटला असेल, बस गुरगुरली असेल. इथं काही आलं नाही.

“उद्या मुलाला इकडेच घेऊन ये,” तो म्हणाला. “घरी तो जे म्हणेल त्याला मी मान डोलवेन, भरवसा नाही माझा. इथं मला ऐकू येतं. इथं मी नाही म्हणेन.”

“आणि जिना?”

“ट्रॉली आहे की.”

ती रडता रडता हसली. दूर फाटकापाशी रखवालदाराची पहिली शिट्टी झाली.

“आता सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“घरी बोललेलं. सगळं राहू दे, शेवटचं सांग. मी दवाखान्यातून आल्यावर तू खिडकीशी माझ्या उजवीकडे येऊन बसलीस, काहीतरी म्हणालीस आणि तुझा चेहरा लाल झाला. मी बागेत बोलू म्हटलं, तर उठून गेलीस. काय म्हणाली होतीस?”

या बाकावर तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आज तिला शब्द सापडेनात. तिनं इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं, भिंत होती. ती त्याच्या कानाशी वाकली नाही, वाकायची गरजच नव्हती. नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, “मला फक्त तुमच्या उजव्या बाजूला बसायचंय. बाकी मला आयुष्यात काही नको.”

तो समोर बघत बसला. शिट्टी पुन्हा झाली. झाडापलीकडून ट्रॉलीची चाकं वाजत येऊ लागली. तो काहीच म्हणेना, तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

“ऐकू नाही आलं का?” तिनं विचारलं.

“आलं,” तो म्हणाला. “परत म्हण.”